वेस्टर्न नक्की कशाला म्हणायचं? टोपी-घोडा-पिस्तुलाच्या पुढचं बोलूया

मृगजळ

परवा दुसऱ्या एका धाग्यावर 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' हा सिनेमा वेस्टर्न आहे का नाही यावरून एवढे प्रतिसाद पडले की मूळ विषय राहिला बाजूला, म्हणून म्हटलं वेगळा धागाच काढावा.

सगळ्यात सरळ व्याख्या म्हणजे जागा आणि काळ. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा मुलूख, आणि १८६५ साली सिव्हिल वॉर संपल्यापासून ते साधारण १८९० पर्यंतची वर्षं. १८९० च का, तर त्या जनगणनेनंतर अमेरिकन सरकारनेच सांगून टाकलं की इथपर्यंत वस्ती आणि इथून पुढे मोकळा मुलूख अशी सलग रेषा आता दाखवता येत नाही. म्हणजे जेमतेम पंचवीस वर्षं! त्यातच रेल्वे आली (१८६९ ला युटामधे दोन्हीकडचे रूळ जोडले), १६० एकरांचे तुकडे घेऊन शेतकरी आले, टेक्सासची गुरं हाकत हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांवर आणून विकायचा धंदा जोरात चालला आणि १८७४ नंतर काटेरी तार सगळीकडे पसरल्यावर तो आटलाही. एवढ्याशा काळावर शंभर वर्षांहून जास्त सिनेमे काढतायत लोक.

पण ही व्याख्या लावली की चांगले चांगले सिनेमे बाहेर पडतात. 'द वाइल्ड बंच' १९१३ मधे घडतो, त्यात मोटारगाडी आहे, मशिनगन आहे. 'फर्स्ट काऊ' १८२० च्या आसपासचा. त्यांना वेस्टर्न नाही म्हणायचं म्हणजे कमालच.

मला स्वतःला जे पटतं ते असं, की कायदा अजून पोचलेला नाही किंवा पोचलाय पण त्याच्यात दम नाही, अशा ठिकाणी कुणीतरी एक जण बंदूक उचलतो, त्याच्या बंदुकीमुळे गाव नांदायला लागतं, आणि मग त्याच गावात त्याला राहायला जागा नसते. 'शेन' बघा, १९५३ चा. शेतकरी कुटुंबासाठी लढतो आणि निघून जातो, पोरगं हाका मारत राहतं. हा जो व्यवहार आहे, गाव वसवणाऱ्याला गावात घर नाही हा, तो मला वेस्टर्नचा गाभा वाटतो. आणि काळाप्रमाणे बदलत काय गेलं तर हिंसा कुणाची, गाव कुणाचं, आणि त्या जागेवर आधी कोण राहत होतं याची उत्तरं.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा, उदाहरणं देऊन लिहा प्लीज.

जुना_प्रोजेक्टर

छान विषय. एक गोष्ट आधी सांगतो कारण ती नेहमी राहून जाते. आपण समजतो की आधी इतिहास घडला, मग बऱ्याच काळाने त्यावर सिनेमे आले. तसं झालेलंच नाही. 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' १९०३ चा, बारा मिनिटांच्या आसपासचा, एडिसन कंपनीसाठी एडविन पोर्टरने केलेला, आणि शूटिंग बरंचसं न्यू जर्सीत म्हणजे पार पूर्वेला. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीपर्यंत बुच कॅसिडीची टोळी खरोखर आगगाड्या लुटत होती. लोक थेटरात जे बघत होते ते पेपरात वाचून झालेलं होतं.

पुढचं अजून भारी. १९०८ मधे ओक्लाहोमात 'द बँक रॉबरी' नावाचा छोटा सिनेमा निघाला, त्याचा दिग्दर्शक बिल टिल्घमन हा खराखुरा मार्शल म्हणजे कायद्याचा अधिकारी आणि त्यात काम करणारा अल जेनिंग्ज हा खराखुरा ट्रेन लुटून तुरुंगात जाऊन आलेला माणूस. वायट अर्प, ज्याच्यावर पुढे ढीगभर सिनेमे आले, तो शेवटी लॉस एंजेलिसमधेच राहत होता, सिनेमावाल्यांच्यात उठबस होती, १९२९ ला वारला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स हे त्या काळचे दोन मोठे काउबॉय नट होते.

बफेलो बिलचा 'वाइल्ड वेस्ट' नावाचा खेळ तर १८८३ पासूनच गावोगाव फिरत होता, म्हणजे ती पंचवीस वर्षं संपायच्याही आधी त्यांचा तमाशा तिकीट लावून सुरू झालेला. त्यामुळे मृगजळताई, तुमच्या व्याख्येत मी एवढीच भर घालेन की वेस्टर्नमधे दंतकथा कशी तयार होते हा विषय पहिल्या दिवसापासून आहे. 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स' (१९६२) मधे तो उघड बोलला गेला. माणूस मारला एकाने, नाव झालं दुसऱ्याचं, त्या नावावर तो सिनेटर झाला, आणि खरं कळल्यावरही पेपरवाला ते छापत नाही. ज्याने मारला तो टॉम डोनिफन साध्या पेटीत पडलाय, पेपरवाल्याला त्याचं नावसुद्धा माहीत नाही. गावात घर नाही म्हणता ना, इथे तर आठवणीतही नाही.

शेवटची_रांग

प्रोजेक्टर काका, मस्त माहिती. वाखूसा (वाचनखूण साठवली).

पण मूळ व्याख्येला माझा विरोध आहे. अशी 'गाभा'वाली व्याख्या केली की काहीही वेस्टर्न होतं. 'आउटलँड' म्हणजे अंतराळातला 'हाय नून', 'असॉल्ट ऑन प्रिसिंक्ट १३' म्हणजे शहरातला 'रिओ ब्राव्हो', 'लोगन'मधे तर 'शेन'चा तुकडाच टीव्हीवर लावलाय, मग सुपरहिरोपटही वेस्टर्न का? माझ्या मते नातं सांगणं वेगळं आणि घरातला म्हणणं वेगळं. वेस्टर्नला ती जमीन लागते. मोकळं आभाळ, त्याखाली एवढासा माणूस, लाकडी फळ्यांचं एका रस्त्याचं गाव. फ्रेममधे ते नसेल तर त्याचा परिणाम होतच नाही.

'हाय नून' (१९५२) मधे तो एक शॉट आहे बघा. गॅरी कूपर भर बारा वाजता रस्त्यावर एकटा उभा, सगळ्यांकडे मदत मागून झाली, चर्चमधे जाऊन झालं, दारूच्या गुत्त्यात जाऊन झालं, कुणी आलं नाही. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळून सुरू होतो आणि क्रेनवरून वर वर जात राहतो, शेवटी अख्खं रिकामं गाव दिसतं आणि मधे हा ठिपका. तोवर तासभर घड्याळं दाखवून दाखवून आपला जीव टांगणीला लावलेला असतो. बास, एका शॉटमधे वेस्टर्न म्हणजे काय ते कळतं.

आणि काळाबरोबर कसं बदललं याचं उदाहरणही इथेच आहे. तो लिहिणारा कार्ल फोरमन, त्याला लिहिता लिहिताच कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकशी समितीपुढे बोलावलं, मित्र पांगले, काम मिळेना, शेवटी इंग्लंडला गेला. सिनेमात गाव जसं तोंड फिरवतं ते त्याच्यासोबत होत होतं. नट जॉन वेन आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला मात्र सिनेमा अजिबात आवडला नाही, मार्शल असा दारोदार मदत मागत फिरेल का हा त्यांचा राग. त्यांनी १९५९ ला 'रिओ ब्राव्हो' केला, ज्यात शेरीफ मदत मागतच नाही आणि तरी एक दारूडा, एक लंगडा म्हातारा आणि एक कोवळा पोरगा त्याच्या बाजूने उभे राहतात. दोन्ही सिनेमांत कायद्याचा माणूस आहे, गुंड आहेत, गाव आहे. समाजावर भरवसा ठेवायचा का नाही यावरच दोघांचं भांडण. मला दोन्ही आवडतात आणि दोन्हीत तो रस्ता आहे!!

सातारकर_ॲरिझोनात

जमिनीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी फीनिक्सजवळ राहतो, मॉन्युमेंट व्हॅलीला जाऊन आलोय. ती जागा नावाहो लोकांची आहे, त्यांच्याच सरकारचा ट्रायबल पार्क आहे, तिकीट तेच घेतात, आत कच्च्या रस्त्याची १७ मैलांची फेरी आहे आणि त्यातल्या एका कड्याचं नाव जॉन फोर्ड्स पॉइंट, वेस्टर्न सिनेमांचा दिग्दर्शक जॉन फोर्ड याच्यावरून. तिथे एक जण घोडा घेऊन उभा असतो, पैसे दिले की त्या कड्यावर बसून फोटो. आमची गाइड नावाहो होती. ती सांगत होती की तिच्या आजोबांच्या पिढीतले बरेच जण फोर्डच्या पिक्चरमधे होते, आणि मंदीच्या काळात तो पैसा फार उपयोगी पडला, त्यामुळे घरात फोर्डबद्दल वाईट बोलत नसत.

आता गंमत नाही, पण विचार करण्यासारखं हे की 'स्टेजकोच' (१९३९) मधे नावाहो लोक अपाची झाले, पुढे 'शायेन ऑटम' (१९६४) मधे शायेन झाले आणि त्यात ते बोलतात ती नावाहोच. म्हणजे अमुक जमात हा विषयच नव्हता, समोरून घोड्यावर आरडाओरड करत येणारे एवढंच काम. आणि सिनेमात ती दरी टेक्सास म्हणून दाखवतात, खरी आहे ॲरिझोना-युटाच्या हद्दीवर. जगभरातल्या लोकांच्या डोक्यात 'वेस्ट' म्हणून जे चित्र आहे ते या एका दरीचं, आणि ज्यांची ती दरी आहे ते त्या चित्रात कायम शत्रू.

त्यामुळे शेवटची_रांग, जमीन हवीच हे मान्य, पण ती 'मोकळी' होती हे वाक्य आपण फार सहज टाकतो. मोकळी नव्हती.

मृगजळ

सातारकर, अगदी हेच. मला 'द सर्चर्स' (१९५६) वर सविस्तर लिहायचं होतं, आता लिहितेच.

ईथन युद्ध हरून तीन वर्षांनी भावाच्या घरी येतो, कोमांची हल्ला करतात, भाऊ-भावजय मारले जातात, धाकट्या पुतणीला पळवून नेतात आणि हा वर्षानुवर्षं तिला शोधत फिरतो. हळूहळू कळतं की हा तिला वाचवायला नाही, मारायला शोधतोय, कारण आता ती 'त्यांची' झालीय. जॉन वेनला असा माणूस करायला लावलं फोर्डने, १९५६ मधे.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. वाटेत एका कोमांचीचं दगडाखाली पुरलेलं प्रेत सापडतं. ईथन पिस्तूल काढतो आणि त्या मेलेल्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत गोळ्या घालतो. बरोबरचा पाद्री विचारतो, याने काय साधलं? तो सांगतो की तुमच्या धर्माप्रमाणे काही नाही, पण यांच्या समजुतीप्रमाणे डोळे नसले की आत्म्याला परलोकात जाता येत नाही, वाऱ्यावर भटकत राहावं लागतं. म्हणजे बघा, जो माणूस त्यांचा एवढा द्वेष करतो त्याला त्यांची भाषा येते, त्यांच्या समजुती माहीत आहेत, आणि ते सगळं ज्ञान तो कशासाठी वापरतो तर मेलेल्याला अजून दुखवायला. आणि शेवटी दाराच्या चौकटीतून आपल्याला दिसतं की सगळे घरात गेले, हा बाहेर उभा, एका हाताने दुसरं कोपर धरून, मग वळतो आणि चालायला लागतो. तो शाप त्यालाच लागला.

तरीसुद्धा कोमांची सरदाराचं काम जन्माने जर्मन नटाला दिलंय, हेही त्याच सिनेमात आहे. फोर्डला प्रश्न दिसला होता, पण जिच्यावरून सगळं घडतं त्या पुतणीला आणि त्या सरदाराला स्वतःचं म्हणणं मांडायला फारच थोडी जागा दिली त्याने. म्हणून मी हा सिनेमा महान मानते आणि अपुराही मानते.

कोमल_रिषभ

इटलीवाल्यांना विसरलात सगळे :)

माझ्यासाठी वेस्टर्न म्हणजे दिग्दर्शक सर्जिओ लिओने आणि त्याचा संगीतकार मोरिकोने. फिरून फिरून कुठून कुठे आलंय बघा. जपानी दिग्दर्शक कुरोसावा फोर्डचा भक्त, त्याने सामुराईपट केले, त्यातल्या 'सेव्हन सामुराई'चा अमेरिकेत 'मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) झाला, 'योजिंबो'वरून लिओनेने न विचारताच 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) केला, जपानी कंपनीने दावा लावला आणि तडजोड करून पैसे द्यावे लागले. शूटिंग स्पेनमधे अल्मेरियाच्या वाळवंटात, नट निम्मे इटालियन-स्पॅनिश-जर्मन, जो तो आपापल्या भाषेत बोलणार आणि आवाज नंतर भरायचे. याचा एक परिणाम असा झाला की ध्वनी पूर्णपणे त्यांच्या हातात आला. शीळ, चाबूक, इलेक्ट्रिक गिटार, माणसाचा गळा, सगळं वाद्य म्हणूनच.

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची (१९६८) सुरुवात हेडफोन लावून ऐका. तीन माणसं स्टेशनवर गाडीची वाट बघतायत, बोलणं जवळजवळ नाही, संगीत नाही. पवनचक्की कुरकुरतेय, एकाच्या टोपीवर वरून पाण्याचा थेंब थेंब पडतोय, दुसऱ्याच्या तोंडावर माशी बसते आणि तो ती पिस्तुलाच्या नळीत पकडतो आणि कान लावून तिची गुणगुण ऐकतो. मग गाडी येते आणि जाते, आणि पलीकडून माउथऑर्गन वाजतो. त्या सिनेमाचं संगीत आधी तयार होतं, सेटवर वाजवून त्या लयीत नटांना चालायला लावायचे. म्हणून ते ऑपेरासारखं वाटतं.

मृगजळ यांच्या मुद्द्याला धरून सांगायचं तर लिओनेने गावच काढून टाकलं. गावासाठी कुणी लढतच नाही, पैशासाठी लढतात. आणि हेन्री फोंडा, ज्याने आयुष्यभर सज्जन माणसं केली, तो इथे पहिल्याच प्रवेशात लहान मुलाला गोळी घालतो, रेल्वे कंपनीच्या मालकासाठी. फोर्डच्या 'द आयर्न हॉर्स'मधे (१९२४) हीच रेल्वे म्हणजे देश जोडला गेल्याचा सोहळा होता.

जुना_प्रोजेक्टर

+१. आणि त्यानंतर व्हिएतनाम. रोज रात्री टीव्हीवर युद्ध बघणाऱ्या प्रेक्षकाला स्वच्छ गोळीबार पटणारच नव्हता, रक्त न सांडता मरणारी माणसं बघवेनात. १९६८ ला जुनी सेन्सॉरशिपची नियमावली गेली, १९६९ ला पेकिनपाचा 'वाइल्ड बंच' आला, १९७० ला 'सोल्जर ब्लू' आणि 'लिटल बिग मॅन' आले ज्यात घोडदळ वस्तीवर तुटून पडतं आणि बायकापोरं मरतात. 'गनस्मोक' ही मालिका १९५५ पासून वीस सीझन चालून १९७५ ला बंद झाली. १९८० मधे 'हेवन्स गेट' एवढा जोरात आपटला की युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीच विकायला लागली, आणि सगळ्यांनी लिहून टाकलं की वेस्टर्न मेला.

मेला कुठला. १९९० च्या 'डान्सेस विथ वुल्व्ह्ज'ला ऑस्कर, १९९२ च्या 'अनफरगिव्हन'ला ऑस्कर. 'अनफरगिव्हन'मधे एक पोरगा असतो, बढाया मारणारा, इतके मारले तितके मारले म्हणणारा, त्याला लांबचं धड दिसतही नाही. प्रत्यक्षात पहिला माणूस मारतो तो संडासात बसलेला. मग झाडाखाली दारू पीत रडत बसतो आणि क्लिंट ईस्टवूड (तोच दिग्दर्शक, तोच नायक) त्याला सांगतो की माणूस मारतो तेव्हा त्याचं जे आहे ते सगळं आणि जे पुढे होणार होतं तेही आपण घेतो. ईस्टवूडने ती पटकथा कित्येक वर्षं नुसती ठेवून दिली होती, त्या भूमिकेएवढं वय व्हावं म्हणून. आणि त्यात एक पुस्तकं लिहिणारा बाबा आहेच, कोण कुणाला कसं मारतो ते खोटं खोटं लिहून घेणारा. दंतकथेचा कारखाना परत हजर.

अबोली

एवढ्या प्रतिसादांत बायका कुठेत? म्हणून लिहितेय.

केली राइकार्टचा 'मीक्स कटऑफ' (२०१०) बघा. १८४५, ऑरेगॉनच्या वाटेवरच्या तीन गाड्या, वाटाड्या रस्ता चुकलाय आणि कबूल करत नाहीये, पाणी संपत आलंय. पुरुष लांब उभे राहून पुढे काय करायचं ते ठरवतात आणि आपल्याला ते नीट ऐकूच येत नाही, कारण कॅमेरा आणि माइक बायकांपाशी आहेत. त्या आपल्या लाकडं गोळा करतायत, पीठ मळतायत, कपडे वाळत घालतायत आणि तिकडे आपल्या जिवाचा निर्णय होतोय तो तुकड्या-तुकड्याने कानावर येतोय. पडदाही रुंद नाही, जुना जवळजवळ चौकोनी आकार आहे, त्यांच्या त्या मोठ्या बॉनेट टोप्यांमुळे जेवढं समोरचं दिसेल तेवढंच. शेवटची_रांग, मोकळं आभाळ पाहिजेच म्हणता ना, इथे ते मुद्दाम कापलंय आणि तरी हा पक्का वेस्टर्न आहे. एमिली टेथरो म्हणून एक बाई आहे, ती बंदुकीत गोळी भरते तो प्रसंग बघाच, किती वेळ लागतो त्याला! दारू ओता, गोळी घाला, गजाने ठोसा, मग परत बार. एवढं करून ती दोनदा उडवते.

शेवटची_रांग

अबोली, हा बघितला नाहीये, आज लावतो. पण आभाळ कापायचं म्हटलं तरी ते आधी असावं लागतं, तेव्हा माझा मुद्दा जागेवर आहे :)

'शोले'चं काय करायचं मग? शूटिंग झालं ते रामनगरचे खडक, आगगाडीवरचा हल्ला, भाड्याने आणलेले दोघे. यात घ्यायचा का नाही?

मृगजळ

माझ्या व्याख्येत तर बसतो. भाड्याने आणलेल्या दोघांपैकी एक मरतो आणि दुसरा आगगाडीत बसून निघून जातो, रामगढमधे राहत नाही. जया भादुरी खिडकी लावून घेते.

पण एक मोठा फरक आहे. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. तो आणीबाणीचा काळ, १९७५, सेन्सॉर बोर्डाला निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला चालेना, म्हणून परत शूटिंग करून पोलीस येतात आणि गब्बरला धरून नेतात असा शेवट लावला. म्हणजे पडद्यावर कायदा पोचला तो सेन्सॉरच्या हुकुमामुळे. आणि आपल्या डाकूपटांत कायदा कायमच कुठेतरी असतो, ठाणं असतं, फौजदार असतो, तो फक्त वेळेवर येत नाही किंवा कुणाच्या तरी खिशात असतो. तिकडच्या कथेत नवी वस्ती असते, चंबळमधे गावं शेकडो वर्षं जुनी आणि भांडण जातीचं, जमिनीचं. २०१९ चा 'सोनचिडिया' बघितला की हे लख्ख दिसतं. त्यामुळे मी 'शोले'ला वेस्टर्नचा नातेवाईक म्हणेन. बघा शेवटची_रांग, तुमचाच शब्द वापरला.

'नो कंट्री'बद्दल मात्र मी ठाम आहे, तो आतलाच. १९८० चं टेक्सास, मेक्सिकोची सीमा, तीच माळरानं, काही ठिकाणी घोड्यावरून जाणारा शेरीफ. कायदा आहे, ऑफिस आहे, पगार आहे, आणि शेरीफ बेलला कळून चुकतं की समोर जे आलंय त्याला थांबवायला आपण पुरे पडत नाही. तो नोकरी सोडतो. गावात घर असून ते आपलं वाटत नाही, अशी गत झालीय त्याची.

सातारकर_ॲरिझोनात

'नो कंट्री' घेताय तर 'हेल ऑर हाय वॉटर' (२०१६) घ्यायलाच हवा. दोन भाऊ बँका लुटतायत, कारण तीच बँक त्यांच्या आईची जमीन गिळायला बसलीय, आणि मागावर दोन टेक्सास रेंजर, त्यातला एक निम्मा कोमांची. पोर्चवर बसून बँकेवर नजर ठेवतायत तेव्हा तो आपल्या जोडीदाराला म्हणतो की दीडशे वर्षांपूर्वी हे सगळं माझ्या लोकांचं होतं, या लोकांच्या आज्या-पणज्यांनी ते घेतलं, आणि आता यांच्याकडून ते कोण घेतंय, तर ते समोरचे, असं म्हणून बँकेकडे बोट दाखवतो. हे वाक्य 'द सर्चर्स'च्या वेळी त्या सरदाराच्या तोंडी द्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. कथा वेस्ट टेक्सासची असली तरी शूटिंग न्यू मेक्सिकोत झालंय, आणि जेफ ब्रिजेसचं काम चुकवू नका.